गाणं ‘म्हणायचं’ की ‘गायचं’?

(अनसिंग, जि. वाशीम येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीत गाण्याला ‘सिंग’ म्हणतात. (आपल्या अनसिंगचा त्याच्याशी संबंध नाही!) तिकडच्या गुन्हेगारांच्या बोलीत त्याचा आणखी एक अर्थ आहे : पोलिसांपुढे साथीदारांची नावं सांगून टाकणं.

आपल्याकडे क्रियापदं दोन. ‘गाणे’ हे संस्कृत ‘गै’ धातूचं; गीत, गाथा त्याच घरातल्या. पण भुलाबाईची गाणी आपण गात नाही, ‘म्हणतो’. हे ‘म्हणणे’ आलं ‘भण्’ पासून, म्हणजे बोलणे. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशी नोंद इ.स. ११२९ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे. कांडणात, दळणात सासरचा जाच बोलून टाकता यायचा. गाणंच तर आहे, म्हणून कोणी अडवत नसे.

कोर्टातही हाच शब्द. नोटीस आली की ‘म्हणणे’ दाखल करतात. नवऱ्याने केलं की ते म्हणणं. बाईने तेच ठाण्यात सांगितलं की ‘काय रडगाणं लावलं?’ हा शब्द मला फार खुपतो. ‘गाऱ्हाणं’ मात्र नुसतं कानाला गाण्यासारखं लागतं. ते ‘गर्हणा’च्या कुळातलं, म्हणजे दोष देणं. गाऱ्हाणं ऐकणाऱ्याला दोष कोणाचा, हे विचारावंच लागतं.

आता जेवायला उठण्याआधी आठवेल ती ओवी वहीत लिहून द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा. कोणतं काम करताना म्हणत होता, तेही लिहा.