गाऊनचा दंड

(सिद्धेश्वर, जि. हिंगोली येथे महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी कर्जाच्या परतफेडीवर बोलावं असं ठरलं होतं. तसं टिपणही करून आणलं होतं. पण ते आज पिशवीतच राहू द्या. आज मला कपड्यांवर बोलायचंय. हसू नका, विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

इथून जवळच्याच एका गावात, गावाचं नाव सांगत नाही, एका बचत गटानं ठराव केला. दिवसा गाऊन घालून घराबाहेर दिसेल त्या बाईला शंभर रुपये दंड. ठराव रजिस्टरात लिहिला, सगळ्या बायांनी सह्या-अंगठे केले. पहिला दंड बसला तो हापशावर पाणी भरणाऱ्या एका बाईला. तिनं मुकाट्यानं पैसे भरले आणि पुढच्या दोन्ही बैठकांना आली नाही. शेळ्यांसाठी तिचा कर्जाचा अर्ज होता. ती गैरहजर, म्हणून तिचा नंबर दुसरीला गेला.

मी तिच्या घरी गेले. दीड महिन्यापूर्वी तिची गर्भपिशवी काढलेली. ती म्हणाली, "ताई, नाडी बांधली की टाके ओढतेत. लुगडं नेसवंना झालंय. अन् पाणी तर आणावंच लागतंय. मग काय करावं?"

मी काय उत्तर देणार? ठराव कोणी पुरुषानं केलेला नव्हता. आपणच केला होता. आणि तिचं ऑपरेशन झालंय हे सही करणाऱ्या प्रत्येकीला माहीत होतं.

असा ठराव करणारं ते गाव काही पहिलं नाही. २०१४ साली नवी मुंबईतल्या गोठिवली गावात महिला मंडळानं फलक लावला होता, रस्त्यावर गाऊन घालून हिंडणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड. २०१८ मध्ये आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या तोकलपल्ली गावात थोरामोठ्यांनी ठरवलं, सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत गाऊन घालायचा नाही. घातला तर २,००० रुपये दंड, आणि घालणारीचं नाव सांगेल त्याला १,००० रुपये बक्षीस! म्हणजे शेजारणीवर पाळत ठेवायची आणि त्याचे पैसेही घ्यायचे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुमचं ठीक आहे, तुम्ही शहरातल्या. आम्हाला गावात राहायचंय. म्हणून आधी माझंच सांगते. एम. एस. डब्ल्यू. होऊन मी पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा कॉलेजात जीन्स घालणारी मी रोज साडी नेसून खेड्यात जायला लागले. वरिष्ठांनी सांगितलं होतं, बायांचा विश्वास बसायला हवा. मला ते पटलंही होतं. पण त्याच काळात एका घरभेटीच्या अहवालात मी लिहिलं, 'बाई दुपारी बारा वाजता गाऊनमध्ये, राहणी अव्यवस्थित.' ती बाई पहाटे चारला उठून, सगळं आवरून, धुणं धुऊन नुकतीच टेकलेली होती, हे मी विचारलंसुद्धा नाही. अंगावरचा कपडा बघितला आणि शेरा मारून मोकळी झाले. तेव्हा ठराव करणाऱ्या बायांना नावं ठेवायला मी आलेले नाही. त्यांच्या आधी मी तोच दंड दुसऱ्या तऱ्हेनं करून बसलेय.

आता जरा नीट बघू या. गाऊनमध्ये वाईट काय आहे? गळ्यापासून घोट्यापर्यंत अंग झाकतो. साडीत पोट दिसतं, पाठ दिसते; गाऊनमध्ये तेही दिसत नाही. वर आपण ओढणी नाहीतर टॉवेल घेतोच. मग लाज कसली? मी बऱ्याच जणींना विचारलं. एक म्हणाली, "तो रात्रीचा कपडा हाय." दुसरी म्हणाली, "बाई निवांत दिसती त्यात." हे दुसरं उत्तर माझ्या मनात घर करून राहिलं. परकर-पोलकं-साडी, निऱ्या, डोक्यावर पदर, म्हणजे बाई सज्ज आहे, कामाला हजर आहे. गाऊन म्हणजे बाई सैल झाली, आपल्या सोयीनं राहिली. अंग दिसतं म्हणून नव्हे, बाईची सोय दिसते म्हणून तो खुपतो.

आणि ही लाज सगळ्यांना सारखी नाही. माहेरी आलेल्या लेकीनं गाऊन घातला तर चालतो, त्याच घरातल्या सुनेनं घातला तर चालत नाही. घरातली सासू स्वतः गाऊन घालायला लागली की मग सुनेला परवानगी मिळते. पारावर बसलेले बाप्ये बनियनवर असतात, पोरं बर्म्युडा घालून किराणा आणतात. त्यांच्या कपड्यांवर कोणत्या रजिस्टरात ठराव झालाय? आपल्या आज्यांच्या काळात पुरुष धोतर नेसायचे, डोक्याला पटका किंवा टोपी. मग पायजमा आला, मग पँट आली. धोतर सोडलं म्हणून कोणाला दंड झाल्याचं ऐकलंय? संस्कृती सांभाळायचं काम मात्र बाईच्या अंगावर.

आता शेतातलं आठवा. हळद काढायला जाताना, कापूस वेचायला जाताना आपण काय घालतो? साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. उन्हानं हात भाजत नाहीत, बोंडांनी ओरखडत नाहीत. वर रुमाल बांधतो. पुरुषाचा शर्ट घातला म्हणून शेतमालक काही बोलत नाही, कारण त्यात त्याचं काम जास्त होतं. पण गावाची वेस आली की आपण शर्ट काढतो, घडी करून पाटीत ठेवतो आणि पदर डोक्यावर घेतो. बाया तशाच चालत राहतात, फक्त कपडा बदलतो. म्हणजे मालकाच्या कामाची सोय असली की कपडा चालतो, आपल्या जिवाची सोय असली की अब्रू जाते.

जरा पलीकडे तांड्यावर जाऊ या. बंजारा आजी अजून फेटिया-कांचळी घालतात. आरसे, कवड्या, घुंगरं लावलेला तो पेहराव किती देखणा. कांचळी पाठीवर उघडी असते, नुसते बंद बांधतात. तांड्यात त्याला कोणी निलाजरेपणा म्हणत नाही. तीच त्यांची मर्यादा आहे, डोक्यावरून ओढणी असते. पण त्याच आजी बाजाराला आल्या की गावातली माणसं टकामका बघतात. त्यांच्या सुना, नाती साडी, पंजाबी ड्रेस घालायला लागल्या त्यात हे बघणंही एक कारण आहे. दोन कोसांवर मर्यादेची व्याख्या बदलते. मग गावाची खरी मर्यादा कोणती धरायची?

आणि आपली ही सहावार साडी तरी फार जुनी आहे का? आपल्या आज्या, पणज्या नऊवार लुगडं नेसायच्या, कासोटा घालून. इरकली लुगड्यातल्या म्हाताऱ्या अजून दिसतात. सहावारी गोल साडी नवी आली तेव्हा जुन्या बायांना तीच वावगी वाटली होती, मागं कासोटा नाही म्हणून! आज तीच साडी परंपरा झाली.

कपड्यानं माणसाची पायरी ठरवायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं, हे आपल्याला माहीत आहे. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायांशी वेगळं बोलले. तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून, अंगावरच्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती खूण टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. बायांनी तिथल्या तिथे लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. त्या बायांना कपडा ही चैन नव्हती. आपण कसं दिसायचं हे गावानं ठरवायचं नाही, हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

आता तब्येतीचं एक सांगते, ते नीट ऐका. परकराची नाडी आपण कमरेला इतकी करकचून आवळतो की कायमचा काळा वळ पडतो. खाज येते, कातडी सोलते, आपण हळद लावून पुन्हा तिथेच नाडी बांधतो. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघींना कमरेवरच्या त्याच जागी, वर्षानुवर्षं घासून झालेल्या जखमेत कातडीचा कर्करोग झाला होता. एक तर लुगडं नेसणारी होती, परकर नसला तरी कमरेची गाठ होतीच. भिऊ नका, हा आजार क्वचित होतो. पण नाडी सैल बांधा, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी लावा, आणि कमरेवरची जखम महिन्यात भरली नाही तर दवाखान्यात दाखवा. आणि घरात असताना कमरेला विसावा द्या. तो विसावा देणारा कपडा म्हणजेच गाऊन. बाळंतिणीला, टाके घातलेल्या बाईला तो सोयीचा. त्याला ब्लाऊजची शिलाई नाही, फॉल-पिको नाही, धुवायला पाणी कमी लागतं. उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची किंमत तुम्हाला मी काय सांगावी!

कामाच्या जागेचे नियम वेगळे, हे मान्य. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानं कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट घालू नका असं परिपत्रक काढलं. पुढच्याच वर्षी जीन्सपुरतं ते मागे घेतलं. त्यावर वाद घालता येतो, कोर्टात जाता येतं. पण हापसा म्हणजे कचेरी नव्हे. गैरहजेरीचा, हप्ता चुकल्याचा दंड आपण ठरवतो, तो बचतीच्या कामासाठी. शेजारणीच्या अंगावरच्या कपड्यांचा दंड गटाच्या कामात कुठे बसतो? आणि हेही माहीत असू द्या. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा आहे, २०१६ चा, ३ जुलै २०१७ पासून लागू. आपल्या समाजातल्या माणसावर अमुकच कपडे घालण्याची सक्ती करणं हे त्यात बहिष्काराच्या प्रकारांत धरलंय. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी सगळ्यांनी गाऊन घाला असं म्हणत नाही. जिला नऊवारी आवडते तिनं नऊवारी नेसावी, जिला पदर घ्यायचाय तिनं घ्यावा. मलाही लग्नाकार्यात साडीच आवडते. माझ्यापेक्षा वयानं मोठ्या बायांना गाऊनचा संकोच वाटतो, त्या संकोचाचाही मी मान ठेवते. संकोच आपला आपल्यापाशी असतो. तो रजिस्टरात लिहून दुसरीकडून पैसे घेतले की त्याची सत्ता होते.

त्या गावच्या गटातल्या बाया आज इथं आल्यात. मला त्यांचे चेहरे दिसतायत. त्यांना चारचौघींत लाजवायला मी बोलले नाही. त्यांना माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या बैठकीत तो ठराव रद्द करा आणि रद्द केल्याचं त्याच पानावर लिहा. तिचे शंभर रुपये परत द्या. तिचा अर्ज पुन्हा घ्या. आणि निरोप धाडू नका, दोघीतिघी तिच्या घरी जाऊन तिला घेऊन या. ती गाऊनमध्ये आली तर सतरंजीवर जरा सरका आणि तिला बसायला जागा द्या.