वाईट बातमी आणि आपली झोप

मंडळी, २०२१ सालचा फेब्रुवारी आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलं नसेल. करोनाची दुसरी लाट चढत होती, अमरावतीत आठवड्याची टाळेबंदी लागली होती. इकडे अचलपुरात माझी म्हातारी आई पहाटे उठली की आधी टी.व्ही. लावी. रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत तेच आकडे, तीच रुग्णवाहिका. पंधरा दिवसांत तिची झोप उडाली, जेवण तुटलं, छातीत धडधड होऊ लागली. डॉक्टरांनी तपासलं, तर हृदय ठीक होतं. मी म्हटलं, "आई, बंद कर ना ते." ती म्हणाली, "सारं जग मरून राह्यलं, अन् मी डोळे मिटून बसू का?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवणं हा काही उपाय नव्हे. पण दिवसभर पाहत बसल्यानं त्या दुःखिताला काय मिळतं, हेही विचारायला हवं.

शेतात साप दिसला तर छाती धडधडते, अंगाला घाम सुटतो. आपण बाजूला होतो, साप निघून जातो, घटकाभरात अंग शांत होतं. बातमीतला साप मात्र जात नाही. तेच दृश्य दहादा दाखवलं की शरीर दहादा घाबरतं, आणि आपली काठी तर तिथवर पोचत नाही. २०१३ साली अमेरिकेत बोस्टनच्या शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. पुढं मानसशास्त्रज्ञांनी साडेचार हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याच बातम्या पाहत-वाचत होते, त्यांच्या मनावरचा ताण प्रत्यक्ष स्फोटाशी संबंध आलेल्यांपेक्षाही जास्त आढळला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं होतं की, बातम्या दिवसातून ठरावीक वेळी, एकदा-दोनदाच पाहाव्या.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळं शिकावं लागलं नाही. त्यांच्या रेडिओवरची बातमीपत्रं वेळेवर लागत आणि वेळेवर संपत. हातातल्या मोबाईलला तसा शेवटच नाही. १९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं निघाली. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या गावांतले लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग रेडिओ बंद करून चर्चा करीत : यातलं आपल्या गावाला काय करता येईल? मला वाटतं, खरी युक्ती इथंच आहे. ऐकायचं, थांबायचं, चौघांत बोलायचं, आणि हाती असेल तेवढं करायचं.

आईशी मी तसाच करार केला. संध्याकाळी सातच्या बातम्या तेवढ्या पाहायच्या, आणि त्यानंतर ओळखीच्या एका घरी फोन करून विचारायचं, "कसे आहात? काही लागते का?" आठवड्यानं ती झोपू लागली. एप्रिलमध्ये यवतमाळचा मामा गेला. जाता आलं नाही. ती खूप रडली; शेजारच्या बाया अंतर राखून ओट्यावर बसून राहिल्या. ते दुःख तिनं पेललं, कारण त्यात सोबत होती.

आजही बातम्या आहेतच. संत्र्याची फळगळ, कापसाचा भाव, शेतकऱ्याची आत्महत्या. ही शेवटची बातमी वऱ्हाडात परकी नाही. ती वाचणारा शेजारी स्वतःच कर्जात असेल, तर ती त्याच्या मनात काय करील सांगता येत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. तो गप्प गप्प राहू लागला, तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. 'कसं चाललंय?' एवढं विचारा आणि ऐकून घ्या. १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक आहे. तिथं रात्रंदिवस मोफत बोलता येतं. शाळेच्या फळ्यावर, पंचायतीच्या भिंतीवर तो लिहून ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलंही सारं ऐकत असतात. सकाळची दहा मिनिटं त्यांना द्या. काय ऐकलं, ते खरं कशावरून, आणि आपण काय करू शकतो, एवढंच विचारा. भीती बोलून दाखवली की मूल हलकं होतं.

आता तुम्हीही एक वेळ ठरवा. आज रात्री मोबाईल उशाशी न ठेवता दूर खुंटीवरच्या पिशवीत ठेवून पाहा. बातमी सकाळीही तिथंच असेल. आणि तिला तोंड द्यायला तुम्ही झोप झालेले असाल.