उठलेल्या गावांची नाचणी
(कापणीच्या सणाला मंडळीपुढे केलेले भाषण)



आज वेदीपुढे ऊस आहे, हळद आहे, आणि कोणीतरी नाचणीची एक जुडीही ठेवली आहे. आपल्या काळ्या रानात नाचणी कोण पेरतो? ती पाहिली आणि मी लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवले.

आपल्या पश्चिमेला, शिराळा आणि पाटण तालुक्यांच्या टोकाला, झोळंबीच्या सड्याच्या आसपास एके काळी गावे होती. झोळंबी, रुंदिव, चांदोली ही त्यांतली काही नावे. खाचरांत भात पिकायचा. उतारावर झाडांच्या फांद्या छाटून, जाळून, त्या राखेत नाचणी आणि वरी पेरायची. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा पडीक सोडून पुढे सरकायचे. गवळी धनगरांच्या वाड्यांवर म्हशी असत आणि तूप घाटाखाली विकायला जाई.

आता तिथे जोती उरली आहेत. गाव कुठे होते हे आंबा आणि फणस सांगतात, कारण रानात कोणी ते रांगेने लावत नाही. शेतांची कुरणे झाली आणि त्यांत गवे चरतात.

हे एका दिवसात झाले नाही. आधी कोयना धरण आले. शिवसागराच्या पाण्याने साताऱ्याची कितीतरी गावे उठवली, तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो 1976 साली झाला. मग चांदोलीला वारणेचे धरण झाले. 1985 मध्ये अभयारण्य, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पाण्यातून वाचले त्यांना वाघासाठी उठावे लागले. वाघाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, तोही निर्माणकर्त्याचाच. आणि सगळ्यांना रडत खाली यावे लागले असेही नाही. पावसाळ्यात चार महिने वाट बंद, बाळंतीण अडली तर झोळीत घालून घाट उतरायचा. कित्येकांना खाली यायचेच होते.

मैदानातल्या एका वसाहतीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा एका आजींना उत्साहाने म्हणाले, "आजी, आता शाळा जवळ, दवाखाना जवळ, बरं झालं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "व्हय बाई, समदं जवळ हाय. पर म्हसरं कुठं चारू?" मी गप्प झाले. तेव्हा माझ्या नोकरीला दोनच वर्षे झाली होती आणि उत्तरे फार लवकर सुचत असत.

अहाब राजाने नाबोथाला त्याच्या मळ्याऐवजी अधिक चांगला मळा देऊ केला होता, हे आपण वाचताना विसरतो. नाबोथाने वतन म्हणून नकार दिला. आजींना तर कोणी विचारलेही नव्हते.

त्यांच्या नातवाचे काम अजून अडले आहे. बाधित कुटुंबांची नोंद ज्यात असते त्या संकलन यादीत आजोबांचे नाव एका कार्यालयात चुकीचे लिहिले गेले. गावात त्यांना ज्या नावाने हाक मारत तेच नाव उतरले. कागदावरचा माणूस आणि खरा माणूस एकच, हे सिद्ध करायचे आहे. संकलन दुरुस्त होत नाही तोवर जमिनीचा हक्क मिळत नाही, प्रकल्पग्रस्ताचा दाखलाही नाही. गेल्या वर्षी मी त्यांच्याबरोबर सहा खेपा घातल्या. दोनदा साहेब रजेवर होते. आणि साक्ष देऊ शकतील अशी माणसे दर पावसाळ्यात एक-दोन कमी होत आहेत. तेवढी वाट आता आपल्याकडे नाही.

म्हणून आज मला पैशाची पेटी फिरवायची नाही. इथे निवृत्त तलाठी, सर्कल, महसूलमध्ये आयुष्य घातलेली माणसे बसली आहेत, त्यांच्याकडे मागणे आहे. जुने सातबारे, मोडीतले उतारे वाचून द्या. महिन्यातला एक शनिवार. भक्ती संपल्यावर मी दारापाशी वही घेऊन बसते, तिथे नाव आणि फोन नंबर लिहा.

आणि ती नाचणी ज्यांनी आणली त्यांनीही भेटा. तिचे बी आजींना द्यायचे आहे. वसाहतीतल्या अंगणात उगवते का, ते त्यांना बघायचे आहे.