घरांतला संगणक कां थिजतो?

मुंबई-आग्रा रस्त्यावरील चांदवडास उन्हाळ्यांत धुळीची वाण नसते. ती संगणकाच्या पंख्यांत सांचते, उष्णता आंतच कोंडते. मग यंत्र थिजतें, मुलांच्या भाषेंत 'हँग' होतें, आणि पडद्यावर रंगीत रेघा उमटतात. अशा वेळीं प्रथम घरचे फोटो व हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावे. संगणक दुसरा मिळतो, ते मिळत नाहींत. नंतर वीज तोडून धूळ झाडावी. विंडोज सुरू होण्यापूर्वींच रेघा दिसल्या, तर दोष बहुधा यंत्राचाच. रॅमची एकेक पट्टी लावून मेमटेस्टची तपासणी रात्रभर चालवावी. पुढें ग्राफिक्स कार्ड, शेवटीं एसएमपीएस. मात्र एका वेळीं एकच भाग बदलावा; दोन बदलले, तर खरा दोषी कोण, हें कळतच नाहीं.