चालतां चालतां बंद पडणारा संगणक

रोगी दारीं आला म्हणजे जाणता वैद्य प्रथम औषधाच्या बाटलीला हात घालीत नाहीं. तो विचारतो, "ताप केव्हांपासून येतो? सकाळीं कीं संध्याकाळीं? थंडी वाजून येतो कीं तसाच?" निम्मा रोग या प्रश्नोत्तरांतच उघडा पडतो. परंतु घरांतला संगणक चालतां चालतां एकाएकीं बंद पडूं लागला म्हणजे आपण हा शहाणपणा विसरतों. कोणी म्हणतो, "व्हायरस असेल;" कोणी म्हणतो, "जुना झाला, नवा घ्या;" आणि पुष्कळदां हजारों रुपये वेंचल्यावर असें आढळतें कीं, दोष भिंतीवरच्या सैल सॉकेटांत होता. या रोगाची नाडी कशी पहावी हें आज सांगावयाचें आहे. आणि त्यासाठीं मी आपल्याला महाड-पोलादपुराकडे घेऊन जाणार आहें.

तिकडेच कां, असें आपण विचाराल. सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून घाटाखालीं पोलादपुरावरून महाडकडे येते. सह्याद्रीच्या कुशींतल्या या मुलुखांत पावसाळ्याचे चार महिने हवेंत ओल इतकी असते कीं, कपाटांतल्या पुस्तकांना बुरशी चढते. वादळवाऱ्यांत विजेचा लपंडाव चालतो. पावसापासून आसरा शोधीत मुंग्या आणि पाली घरांत शिरतात, आणि संगणकाची उबदार पेटी त्यांना आयतेंच बिऱ्हाड वाटते. संगणकाला जें जें वर्ज्य, तें तें येथें एकत्र नांदतें. येथें जो उपचार लागू पडेल तो पुण्या-मुंबईच्या घरींही लागू पडेल.

नाडी पाहण्यापूर्वीं एक काम अवश्य करावें. यंत्र जोंवर मधूनमधून चालतें आहे तोंवर त्यांतील महत्त्वाचे कागद, हिशेब, छायाचित्रें यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावी. लिहितां लिहितां वीज तुटली तर ती फाइल बिघडूं शकते. यंत्र बाजारांत पुन्हा मिळतें. मुलांचे गुणपत्रक किंवा दुकानाची दहा वर्षांची खातेवही मिळत नाहीं.

मग एक कोरा कागद घ्यावा आणि यंत्र बंद पडेल तेव्हां तेव्हां चार गोष्टी टिपाव्या: वेळ कोणती, काम काय चाललें होतें, घरांतला दिवा लुकलुकला कां, आणि यंत्र पुन्हा लगेच चालू झालें कीं थांबावें लागलें. आठवडाभरांत हा कागदच बोलूं लागतो.

दिवा लुकलुकत असेल तर यंत्र बहुधा निर्दोष आहे. आपल्या घरीं वीज २३० व्होल्टची येते. ती खंडली तर संगणकाच्या पेटींतला एसएमपीएस जेमतेम सेकंदाचा पन्नासावा भाग तग धरतो. इतका अल्प खंड डोळ्यांना जाणवतोच असें नाहीं. "पण आमच्याकडे यूपीएस आहे," असें आपण म्हणाल. त्या यूपीएसमधील बॅटरी साधारण तीन-चार वर्षांत थकते, आणि थकल्याचें ती सांगत नाहीं. सर्व फाइली बंद करून भिंतीवरचें यूपीएसचें बटण बंद करून पहावें. संगणकही तत्काळ मावळला तर बॅटरी बदलावी. लेसर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीं जोडूं नये. त्याची भूक त्याला झेपत नाहीं. प्लग सैल आहे कां, तार मागल्या बाजूस घट्ट बसली आहे कां, हेंही पहावें. या परीक्षेला एक पैही लागत नाहीं.

यंत्र सुरू होऊन चार-पांच सेकंदांतच विझत असेल तर पुढल्या बटणाकडे पहावें. तें बटण चार सेकंद दाबून धरल्यास संगणक सक्तीनें बंद व्हावा अशीच योजना असते. ओल आणि धूळ यांनीं बटण आंत चिकटलें तर यंत्राला वाटतें, मालक बटण दाबून बसला आहे! बिचारें आज्ञा पाळतें आणि आपण त्याला दोष देतों.

वीस-पंचवीस मिनिटें भारी काम झाल्यावर यंत्र बंद पडतें, लगेच सुरू केल्यास आणखी लवकर बंद पडतें, आणि तासभर विसावा दिल्यास पुन्हा नीट चालतें, असें कागदावर दिसलें तर तो ज्वर समजावा. बहुतेक प्रोसेसरांची उष्णतेची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गांठूं लागतांच प्रोसेसर आपला वेग मंदावतो, आणि तरीही ताप उतरला नाहीं तर जीव वांचविण्यासाठीं स्वतःच बंद होतो. तेव्हां हें बंद पडणें हा रोग नव्हे, रोगापासूनचें रक्षण आहे. ओलसर धुळीचा नमद्यासारखा थर पंख्याखालच्या हीट सिंकवर बसतो आणि वारा कोंडतो. प्लग काढून, पेटीची बाजू उघडून, मऊ कोरड्या ब्रशनें ती धूळ हलकेच झाडावी. ब्लोअर वापरल्यास पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें. कित्येक घरांत संगणकावर भरतकामाचें सुंदर आच्छादन असतें. यंत्र चालूं असतांना तें काढून ठेवावें आणि पेटी भिंतीपासून वीतभर दूर सरकवावी. एवढ्यानें भागलें नाहीं तर प्रोसेसर व हीट सिंक यांमधील वाळलेली थर्मल पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्यावी.

यंत्र थंड असूनही कामाचा भार वाढतांच "टक्" करून बंद होत असेल, किंवा जळका वास येत असेल, तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. येथें एक कळकळीची विनंति आहे. एसएमपीएसची पेटी घरीं कधींही उघडूं नये. प्लग काढल्यावरही तिच्या कपॅसिटरांत तीनशेंहून अधिक व्होल्टचा साठा कांहीं काळ राहूं शकतो, आणि तो प्राणावर बेतूं शकतो. दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणें हीच खरी परीक्षा, आणि ती दुरुस्ती करणाऱ्याच्या हातूनच व्हावी. निळा पडदा क्षणभर दिसून यंत्र पुन्हा सुरू होत असेल तर रॅमचीही तपासणी करवावी. मात्र एका वेळीं एकच वस्तु बदलावी. तीन वस्तु एकदम बदलल्या तर यंत्र बरें होईल, पण कोणत्या औषधानें, तें कळणार नाहीं. आणि पैसे मात्र तिन्हींचे जातील.

विंडोज संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्यें रोजनिशी असते. तींत ४१ या क्रमांकाची नोंद आढळली तर मागील वेळीं यंत्र रीतसर बंद झालें नव्हतें इतकेंच कळतें, कारण कळत नाहीं. १०७४ ही नोंद असेल तर कोणा माणसानें किंवा प्रोग्रामनें बंद होण्याची आज्ञा दिली होती. व्हायरसचा संशय अगदींच निराधार नसतो. ऑगस्ट २००३ मध्यें ब्लास्टर नांवाच्या किड्यानें जगभरचे संगणक मिनिटभराची मुदत देऊन पुन्हा सुरू व्हावयास लावले होते. पण पंखा, प्लग आणि बटण पाहिल्याशिवाय व्हायरसाचें नांव घेऊं नये.

आतां शेवटची गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्री आणि गांधारी यांच्या पुरानें महाडची बाजारपेठ पाण्याखालीं गेली. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवीं दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्या दुःखापुढें यंत्राची काय कथा! तरीही पूर ओसरल्यावर ज्याला दुकान किंवा शाळा पुन्हा उभी करावयाची असते, त्याला आपले कागद हवेच असतात. म्हणून पाण्यांत बुडालेला संगणक "चालतो कां पाहूं" म्हणून कधींही सुरू करूं नये; तोंपर्यंत जगलेलें यंत्रही त्या एका बटणानें मरूं शकतें. प्लग काढावा आणि आंतली डिस्क उन्हांत न वाळवितां, न उघडतां जाणकाराच्या स्वाधीन करावी. आणि जी प्रत आपण आधीं काढून ठेवली, ती त्याच खोलींत ठेवूं नये. माळ्यावर नव्हे, तर दुसऱ्या गांवीं, लेकीच्या किंवा भावाच्या घरीं असावी.

श्रोतेहो, संगणक बंद पडतो तेव्हां तो बहुधा आपल्याला कांहीं तरी सांगत असतो. आधीं प्रत काढावी, मग त्याचें म्हणणें कागदावर टिपून घ्यावें, आणि पैशाची पिशवी सर्वांत शेवटीं उघडावी.