ऋतुनिवृत्तीचा संक्रमणकाळ आणि संप्रेरक उपचार



पातूरच्या परिसरात वैशाखात अंगाची लाही होते. अकोला जिल्ह्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. त्यामुळे पंचेचाळिशीतील एखाद्या स्त्रीने अंगातून वाफा निघतात असे सांगितले, तर घरची माणसे उन्हाळ्याला दोष देतात. परंतु तीच स्त्री पौषातल्या थंडीत मध्यरात्री घामाने भिजून उठते, तेव्हा कारण ऋतूत नसून शरीरात असते. पाळी कायमची थांबण्यापूर्वी काही वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण कधी चढते, कधी घसरते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने ४६-४७ व्या वर्षी थांबते. म्हणजे हा त्रास ऐन कर्त्या वयात येतो.

त्रास फार असल्यास डॉक्टर संप्रेरक उपचार देतात. पुढे कोणाचे स्तन दुखतात, कोणाला अवेळी रक्तस्राव होतो, आणि औषध बदलावे काय असा प्रश्न उभा राहतो. येथे पहिला विचार गर्भाशयाचा. ते शाबूत असताना केवळ इस्ट्रोजेन दिल्यास आतील अस्तर वाढून कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून प्रोजेस्टेरॉनची जोड अपरिहार्य ठरते. पाळी अधूनमधून येत आहे तोवर ही जोड महिन्यातून १२ ते १४ दिवस देतात व त्यानंतर स्राव होतो. तो नकोसा वाटतो म्हणून दोन्ही औषधे रोज घेण्याची घाई केल्यास अनियमित स्राव बळावतो. हा बदल साधारणतः पाळी थांबून वर्ष लोटल्यावरच करावयाचा असतो.

दुसरा विचार औषधाच्या मार्गाचा. २००२ मध्ये अमेरिकेतील एक मोठी चाचणी मध्येच थांबविण्यात आली. संयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्या वाढल्याचे आढळले होते. जगभर असंख्य स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या. मात्र त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील निरोगी स्त्रीच्या बाबतीत लाभाचे पारडे बहुधा जड राहते, असे पुढील अभ्यासांतून दिसले. वजन किंवा रक्तदाब अधिक असल्यास गोळीऐवजी त्वचेवर लावावयाच्या जेलचा विचार होतो, कारण त्यात गुठळ्यांचा धोका कमी असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीला मात्र हा उपचार सहसा देत नाहीत.

आपल्याकडे तिसराच मार्ग सोपा मानला जातो : पिशवी काढून टाकणे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्यासोबत बीजकोषही काढले गेले, तर तरुण वयातच हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा स्त्रीला नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेनची गरज भासते. अंगावर जास्त जाते एवढ्यावरून शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी सोनोग्राफी व रक्ताची तपासणी तरी व्हावी.

डॉक्टरांकडे जाताना भिंतीवरील दिनदर्शिकेत तीन महिने केलेल्या स्रावाच्या खुणा सोबत न्याव्यात. नव्या औषधाचा गुण पारखण्यासही सुमारे तेवढाच अवधी लागतो. अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात जाणाऱ्या भगिनीने आधीच्या चिठ्ठ्याही जवळ ठेवाव्यात. या औषधांनी गर्भधारणा टळत नाही, हेही डॉक्टरांना आवर्जून विचारावे. कारण पन्नाशीच्या आत पाळी थांबल्यावरही दोन वर्षे संततिनियमनाची साधने वापरावी लागतात.