गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी

ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटला जागा मिळाली, हे आपल्याला आठवत असेल. त्याच दिवशी लॅक्रॉसलाही जागा मिळाली. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा हा जुना खेळ. तिथे वाढणारी मराठी मुलंही आता जाळीची काठी घेऊन मैदानात उतरतात. त्यातलं एखादं ‘मी गोलकीपर होणार’ म्हणालं, तर आईवडिलांनी काय पाहावं, ते आज सांगतो.

गोल सहा फूट उंच, सहा फूट रुंद. चेंडू भरीव रबराचा, सुमारे 145 ग्रॅमचा. म्हणून खरेदीची सुरुवात छातीच्या कवचापासून करा. लहान मुलांची छाती लवचिक असते. हृदयाच्या ठोक्यातल्या एका नेमक्या क्षणी तिथे चेंडू बसला, तर एकही हाड न मोडता धडधाकट मुलाचं हृदय बंद पडू शकतं. असं क्वचितच होतं, पण होतं. म्हणूनच अमेरिकेतल्या शालेय लॅक्रॉसमध्ये 2021 पासून गोलकीपरला ‘नॉक्सी’ मानकाचं कवच सक्तीचं आहे. त्या मानकाचा शिक्का बघूनच घ्या, थोरल्या भावाचं जुनं नको. कवच घालून मुलाला दोन्ही हात वर करायला लावा. ते वर सरकून छाती उघडी पडली, तर माप चुकलं. मैदानावर एईडी, म्हणजे हृदयाला झटका देणारं यंत्र, कुठे ठेवलंय हेही विचारून ठेवा.

हेल्मेटला गळ्याचं कवच हवंच. हातमोजे अंगठ्याला टणक आधार असलेले घ्या. मोठी मुलं मांडीचे, नडगीचे पॅड टाळतात. लहानांना ते घालायलाच लावा. कारण लागलं की मूल पुढच्या चेंडूला डोळे मिटतं, मान फिरवतं, आणि ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

हंगाम वसंतात असतो. उरलेल्या महिन्यांत मुलावर रोज जोरदार फटक्यांचा मारा करू नका. भिंत आणि टेनिसचा चेंडू पुरे. काठीऐवजी रिकाम्या हातांनी चेंडू पकडू द्या. काठी धरताना वर असणारा हात आधी चेंडूकडे जातो का, पाऊल त्याच दिशेने तिरकं पुढे पडतं का, एवढंच बघा. यष्टिरक्षक चेंडूबरोबर हात मागे घेतो. इथे आधी चेंडूला सामोरं जायचं असतं. दोरीच्या उड्या मारू द्या. भिंतीवर लांबून चेंडू फेकायचा सरावही हवा, कारण अडवलेला चेंडू चटकन साथीदाराकडे पोचवणं हे गोलकीपरचंच काम. आणि बास्केटबॉल, फुटबॉल, जे आवडेल ते खुशाल खेळू द्या.

हंगामाच्या तोंडावर खरा चेंडू हातात घ्याल, तेव्हा मुलाला सगळी साधनं चढवा. जुना होऊन कडक, गुळगुळीत झालेला चेंडू वापरू नका. आधी हळू आणि दिसेल असा फेका. डोळे मिटायला लागले, की परत टेनिसच्या चेंडूवर या.